‘लोलबास’ सूची : एक कोशशास्त्रीय परीक्षण

संगणकाच्या सुरक्षिततेचा विचार भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावा, ह्याचे काही वाचकांना आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या प्रश्नाचे परीक्षण येथे करावयाचे आहे, तो यंत्रशास्त्राच्या सीमेत पुरता मावत नाही. हल्लेखोर आपली घातक आज्ञावली बाहेरून आणीत, तोवर तिच्या फाइलचा ठसा पाहिला म्हणजे तिची ओळख पुष्कळदा पटत असे. अलीकडे मात्र, संगणकात आधीच असलेली, निर्मात्याच्या डिजिटल स्वाक्षरीने प्रमाणित झालेली आणि व्यवस्थापक नित्य वापरतो तीच साधने हाती घेऊन हल्लेखोर आपले काम उरकतात. अशा वेळी घातक वस्तू शोधून भागत नाही; घातक प्रयोग शोधावा लागतो. एकाच शब्दाचे दोन प्रयोग परस्परांपासून कसे वेगळे करावेत, हा प्रश्न मात्र आपल्या शास्त्राला मुळीच नवा नाही.

ह्या पद्धतीला ‘लिव्हिंग ऑफ द लँड’ हे नाव ख्रिस्तोफर कॅम्बेल व मॅट ग्रेबर यांच्या २०१३ मधील डर्बीकॉन परिषदेतील व्याख्यानापासून रूढ झाले. मुलूखगिरीवर निघालेली फौज सारा शिधा बरोबर न वाहता वाटेतल्या मुलखावर पोट भरते, हीच कल्पना ह्या नावाच्या मुळाशी आहे. पुढे २०१८ मध्ये ओडवार मो यांनी विंडोज प्रणालीतील अशा साधनांची एक सार्वजनिक सूची सिद्ध करण्यास आरंभ केला. तीच ‘लोलबास’ ह्या नावाने ओळखली जाते. अनेकांच्या हातभाराने ती वाढत गेली असून तिच्यातील नोंदी आता दोनशेहून अधिक झाल्या आहेत. युनिक्स कुळातील प्रणालींसाठी ‘जीटीएफओबिन्स’ ही तशीच दुसरी सूची आहे. प्रस्तुत लेखात पहिलीचेच परीक्षण योजिले आहे.

१. सूचीचे स्वरूप व तिचे गुण

ही सूची वस्तुतः एक कोश आहे. प्रत्येक नोंदीत साधनाचे नाव, संगणकातील त्याचे नियत स्थान, दुरुपयोगाचे प्रकार, प्रत्येक प्रकाराचे उदाहरणवाक्य, त्यासाठी लागणारा अधिकार आणि तो ओळखण्याच्या सूचना, असे भाग असतात. फाइल उतरवून घेणे, सांकेतिक मजकूर उलगडणे, परवानगीच्या यादीला बगल देऊन दुसरी आज्ञावली चालविणे, असे दुरुपयोगाचे वर्ग पाडलेले आहेत. विखुरलेली व्याख्याने आणि टिपणे ह्यांतील माहिती एका साच्यात आणून ती सर्वांना मोकळी करून देणे, हे काम लहान नव्हे. शिवाय प्रत्येक प्रयोग प्रथम कोणी निदर्शनास आणला त्याचा निर्देश करण्याची शिस्त सूचीने पाळली आहे. ह्या गुणांविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु कोश म्हटला की, त्याला कोशाच्याच कसोट्या लावल्या पाहिजेत. कोणता शब्द घ्यावा, अर्थांचा क्रम कसा लावावा, मुख्य अर्थापासून इतर अर्थ कसे निघाले ते दाखवावे की नाही, आणि उदाहरणे कोणत्या संदर्भातून घ्यावीत, ह्या प्रश्नांची उत्तरे कोशकाराने दिली पाहिजेत. लोलबास सूची ह्यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, इतरांना बव्हंशी मौनाने उत्तर देते. आणि ज्यांनी हल्ला ओळखावयाचा, त्यांना नेमकी ह्या इतर प्रश्नांच्या उत्तरांचीच गरज असते.

२. ‘अनपेक्षित’ ही कसोटी

सूचीत प्रवेश मिळण्यास दोन मुख्य अटी आहेत. साधन मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीचे असावे, आणि त्याच्या ठायी काही ‘अनपेक्षित’ कार्यशक्ती असावी. साधनाचा जो उद्दिष्ट उपयोग आहे तो नोंदविण्याचे प्रयोजन नाही, असे सूचीकारांनी सांगितले आहे. परवानगीच्या यादीला बगल देणारी साधने एवढाच त्याला अपवाद. प्रश्न असा की, अनपेक्षित कोणाला?

‘सर्टयुटिल’ ह्या साधनाचे उदाहरण घेऊ. प्रमाणपत्रांची व्यवस्था लावणे हे त्याचे काम. हल्लेखोर त्याच्या साह्याने बाहेरच्या सर्व्हरवरून फाइल उतरवून घेतात, आणि अक्षरांच्या रूपात दडविलेली आज्ञावली उलगडतात. वरवर पाहता ही दोन्ही कामे प्रमाणपत्रांशी असंबद्ध वाटतात. परंतु रद्द झालेल्या प्रमाणपत्रांच्या याद्या जाळ्यावरून आणल्याखेरीज प्रमाणपत्राची खातरजमा होत नाही. आणि प्रमाणपत्रे स्वतःच पुष्कळदा अक्षररूप संकेतात साठविलेली असतात. म्हणजे ‘आणणे’ आणि ‘उलगडणे’ हे दोन्ही व्यापार त्या साधनाच्या मुख्य धर्मातूनच निघाले आहेत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे, तर दुरुपयोग हा येथे मुख्यार्थाशी संबंध राखून असलेला लक्ष्यार्थ आहे. ही व्युत्पत्ती नोंदीत दाखविली असती, तर वाचकाला प्रमाणपत्र-संस्थेच्या सर्व्हरवरून आणलेली यादी आणि अनोळखी पत्त्यावरून तात्पुरत्या फाइलींच्या कप्प्यात आणलेली आज्ञावली ह्यांतील सीमारेषा सापडली असती. ती न दाखविल्यामुळे सर्टयुटिल हे नावच संशयास्पद होऊन बसते.

‘रेगएसव्हीआर-३२’ ह्या साधनाची कथा याहून उद्बोधक आहे. प्रणालीच्या घटकांची नोंदणी करणे हे त्याचे काम. त्याच्या एका विकल्पाने घटकाला स्थापनेच्या वेळी एक मजकूर सुपूर्द करता येतो. तो मजकूर म्हणजे एखाद्या लिपीबद्ध आज्ञापत्राचा, अर्थात स्क्रिप्टचा, पत्ता असला, तर विंडोजमधीलच एक ग्रंथालय-घटक तो पत्ता वाचून ती स्क्रिप्ट चालवितो. २०१६ मध्ये केसी स्मिथ यांनी दाखवून दिले की, हा पत्ता दूरच्या सर्व्हरवरचाही चालतो. साधन, विकल्प आणि घटक ह्या तिहींपैकी एकही आपले नेमून दिलेले काम सोडून वागत नाही. घात होतो तो तिघांच्या अन्वयातून. अनपेक्षितपणा शब्दाच्या अंगी मानणाऱ्या कोशात ह्या घटनेला योग्य जागाच नाही.

३. एका हल्ल्याचे वाक्यविश्लेषण

वरील आक्षेप केवळ तात्त्विक नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अद्यतनातून ‘नॉटपेट्या’ हा हल्ला पसरला. डेन्मार्कच्या मेर्स्क कंपनीचे जगभरचे व्यवहार त्यात सापडले, आणि तिच्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे काम विस्कळीत झाले. मेर्स्कने आपल्या नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर इतका दिला होता.

ह्या हल्ल्यात बाहेरून आणलेली सामग्री होती, हे प्रथमच सांगितले पाहिजे. प्रणालीतील दोषाचा लाभ घेणारा भाग, पासवर्ड चोरणारा भाग आणि तबकडीवरील मजकूर सांकेतिक करून निरुपयोगी करणारा भाग हे त्याचे स्वतःचे होते. परंतु त्यांना जोडणारे वाक्य बहुतांशी प्रणालीच्याच शब्दांत रचलेले होते. घातक घटक चालविला ‘रनडीएलएल-३२’ ह्या साधनाने. घटकातील कार्य चालविणे हेच त्याचे विहित काम. दुसऱ्या संगणकावर तो चालविण्याची आज्ञा गेली ‘डब्ल्यूएमआयसी’ आणि ‘पीएसएक्झेक’ ह्यांच्या द्वारे. ही दोन्ही दूरस्थ व्यवस्थापनाचीच साधने, आणि त्यांतील दुसरे मायक्रोसॉफ्टचेच असून हल्लेखोरांनी ते नाव बदलून बरोबर आणले होते. संगणक पुन्हा सुरू करण्याची वेळ ठरविली नियोजित कामांच्या साधनाने. घटनांच्या नोंदी पुसल्या ‘डब्ल्यूईव्हीटीयुटिल’ने, आणि फाइलींमधील बदलांची वही नष्ट केली ‘एफएसयुटिल’ने.

ह्यांपैकी एकेक आज्ञा सुटी घेतली, तर कोणत्याही मोठ्या संस्थेतील व्यवस्थापकाच्या आठवड्याच्या कामात ती आढळू शकेल. जुन्या नोंदी पुसणे, रात्री संगणक पुन्हा सुरू करणे, दुसऱ्या मजल्यावरील संगणकावर दुरून काम करणे, ह्यांत वावगे काही नाही. शिवाय चोरलेल्या पासवर्डामुळे आज्ञा देणाऱ्याचे नावही खऱ्या व्यवस्थापकाचेच दिसते. वावगा आहे तो क्रम, अल्पकाळात झालेली त्याची पुनरावृत्ती, आणि एकाच प्रयोजकाकडे जाणारा सर्वांचा धागा. सूचीच्या नोंदी वर्णानुक्रमे सुट्या सुट्या आहेत. परस्परसंदर्भाची, म्हणजे ‘हे साधन त्या साधनाच्या पाठोपाठ आले असता’ अशी व्यवस्था तिच्यात नाही. अर्थांची जुळणी वाचकावर सोडली आहे.

४. रूपभेद आणि लेखन

अर्थाच्या अलीकडची एक पायरी आहे, ती रूपाची. शोधनियम सामान्यतः आज्ञेच्या लिखित रूपाशी अक्षरे जुळवून पाहतो. परंतु लिखित रूप स्थिर नाही. पॉवरशेल ही आज्ञाभाषा आपल्या विकल्पांची नावे, संदिग्धता येत नसेल तेथवर, आखूड केलेली चालवून घेते. सांकेतिक आज्ञा देण्याचा एकच विकल्प त्यामुळे अनेक लांबीच्या रूपांत लिहिता येतो. मोठ्या व लहान लिपीतील फरक ती मानीत नाही. जुन्या आज्ञाकवचात अक्षरांमध्ये एक विशिष्ट चिन्ह पेरले, तरी वाचणारे यंत्र ते गाळून पुढे जाते. २०१६ मध्ये डॅनियल बोहॅनन यांनी अशी रूपांतरे आपोआप घडविणारे एक साधन प्रसिद्ध करून, केवळ अक्षरे जुळविणाऱ्या नियमांचा दुबळेपणा उघड केला.

रूपिमाचे रूपिकांतर जाणणाऱ्या अभ्यासकाला ह्यात नवल वाटणार नाही. रूपे मोजून संपत नाहीत. रूप घडविणारा नियमच लिहावा लागतो. सूचीतील उदाहरणवाक्ये प्रत्येक प्रयोगाचे सामान्यतः एकच रूप देतात. ते रूप जसेच्या तसे शोधनियमात उतरले, म्हणजे पाठांतर केलेल्या हल्लेखोराखेरीज कोणी सापडत नाही. ह्यावर उपाय आहे, तो ध्वनीऐवजी ग्रहणाची नोंद ठेवण्याचा. पॉवरशेलच्या पाचव्या आवृत्तीपासून, यंत्राने आज्ञा उलगडून घेतल्यानंतरचा मजकूर नोंदविण्याची सोय आहे; आणि विंडोज १० पासून असा मजकूर चालण्यापूर्वी तपासणाऱ्या आज्ञावलीकडे देण्याचीही व्यवस्था आहे. उलटपक्षी, विंडोजच्या सुरक्षा-नोंदवहीत प्रक्रिया सुरू झाल्याची जी ४६८८ क्रमांकाची नोंद होते, तिच्यात पूर्ण आज्ञावाक्य आपोआप येत नाही. ती सोय वेगळी सुरू करावी लागते. जेथे वाक्यच टिपलेले नाही, तेथे वाक्यविश्लेषणाची गोष्ट कशाला?

५. प्रकरण, प्रयोजक आणि औचित्य

भोजनाच्या वेळी ‘सैंधव आण’ म्हटले की मीठ आणावयाचे, आणि प्रवासाला निघताना म्हटले की घोडा, हे शास्त्रातील उदाहरण सर्वश्रुत आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने निश्चित होतो, ह्याची गणना भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’त आली आहे. साहचर्य, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य, औचित्य, देश, काल इत्यादी कारणे तेथे सांगितली आहेत. ह्या गणनेचा उल्लेख प्राचीनांच्या गौरवासाठी येथे केलेला नाही. आज्ञावाक्याची परीक्षा करणाऱ्याला जे प्रश्न विचारावे लागतात, त्यांची ती जवळजवळ तयार यादी आहे. साधन कोणत्या स्थानावरून चालले? कोणत्या वेळी? त्याच्या मागेपुढे काय चालले होते? ज्याच्या नावाने चालले त्याच्या कामाशी ते सुसंगत आहे काय?

ह्यांत एका प्रश्नाची भर मराठी व्याकरणातून घालता येते. आपण ‘करणे’ आणि ‘करविणे’ ह्यांत भेद करतो. रनडीएलएल-३२ हा प्रयोज्य कर्ता आहे. त्याच्याकडून काम करविणारा प्रयोजक कोण, हे जनक प्रक्रियेवरून कळते. पत्रलेखनाच्या आज्ञावलीने उघडलेल्या दस्तऐवजातून आज्ञाकवच सुरू झाले, तर तो प्रयोजक संशय घेण्याजोगा आहे. मायटर संस्थेच्या ‘अटॅक’ ह्या वर्गीकरणात ह्या प्रकाराचे नाव पूर्वी ‘स्वाक्षरित साधनाकरवी चालविणे’ अशा अर्थाचे होते; पुढे ते बदलून ‘प्रणालीच्या साधनाकरवी’ असे करण्यात आले. दोन्ही नावांत ‘करवी’ हा अंश कायम राहिला, हे लक्षणीय आहे. तथापि हा धागा नेहमीच अखंड नसतो. डब्ल्यूएमआयसीद्वारा प्रक्रिया सुरू केली, तर तिचा जनक म्हणून प्रणालीच्या एका मध्यस्थ सेवेचे नाव लागते, आणि मूळ प्रयोजक अनुक्त राहतो. अशा ठिकाणी केवळ जनकाचे नाव पाहणारा नियम फसतो; दोन संगणकांच्या नोंदी एकत्र ठेवूनच अध्याहृत कर्ता भरून काढावा लागतो.

लोलबासच्या नोंदींत ओळखण्याच्या सूचना असतात, आणि पुष्कळ ठिकाणी ‘सिग्मा’ ह्या नियमपद्धतीतील नियमांकडे निर्देश असतो. फ्लोरियन रॉथ व थॉमस पात्स्के यांनी २०१७ मध्ये पुढे आणलेल्या ह्या पद्धतीत प्रत्येक नियमाला ‘खोटे इशारे’ असा एक रकाना जोडण्याची सोय आहे. प्रकरणाचा विचार मांडण्याची हीच जागा. तेथे पुष्कळदा ‘अज्ञात’ किंवा ‘व्यवस्थापकाचे वैध काम’ एवढेच आढळते. ‘वैध काम’ म्हणजे कोणते, कोणाचे, किती वेळा, कोणत्या यंत्रावर, हे सांगितल्याखेरीज ह्या रकान्याला अर्थ नाही. मात्र ह्याचा सारा दोष नियमकारांना देणे अन्याय होईल. सर्व जगासाठी लिहिलेल्या कोशाला एका गावची बोली ठाऊक असू शकत नाही. ती बोली त्या गावानेच नोंदविली पाहिजे.

६. आधारसंहितेचा प्रश्न

म्हणूनच प्रत्येक संस्थेने आपल्या नित्य व्यवहाराची संहिता जमवावी, आणि तिच्याशी विसंगत दिसेल त्याची छाननी करावी, असा उपाय सुचविला जातो. ही कल्पना जुनी आहे. डोरोथी डेनिंग यांच्या १९८७ मधील प्रतिमानाचे गृहीतकच असे होते की, प्रणालीच्या दुबळेपणाचा लाभ घेताना तिचा वापर अस्वाभाविक होतो, आणि म्हणून अस्वाभाविकतेवरून अतिक्रमण ओळखता येईल. अमेरिकेच्या व तिच्या सहकारी देशांच्या सुरक्षा-संस्थांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही, सविस्तर नोंदी ठेवणे आणि नित्य व्यवहाराचा आधार निश्चित करणे ह्यांवर भर आहे. सूचीवरील आमच्या आक्षेपांतून निघणारी दिशा हीच आहे. परंतु ती निष्कंटक नाही.

पहिली अडचण गणिताची. समजा, एका संस्थेत दिवसाला १० लाख प्रक्रिया सुरू होतात आणि त्यांपैकी २० घातक आहेत. एखादा नियम त्या वीसही पकडतो आणि उरलेल्यांत हजारी एकच खोटा इशारा देतो, असे उदार मनाने मानू. तरीही सुमारे १,००० खोटे इशारे येतील, आणि एकूण १,०२० इशाऱ्यांत खऱ्यांचे प्रमाण शेकडा दोनही भरणार नाही. स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्येच ह्या अडचणीकडे लक्ष वेधले होते. अशा इशाऱ्यांपुढे रात्रपाळीला बसलेला मनुष्य काही दिवसांनी ते न वाचताच मिटवू लागला, तर त्याला आळशी म्हणता येणार नाही. विरळ प्रयोग म्हणजे अशुद्ध प्रयोग नव्हे, हे कोशकाराला ठाऊक असते. यंत्राला ते शिकवावे लागते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. २४ मे २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने, आणि त्याच दिवशी पाच देशांच्या संस्थांनी, ‘व्होल्ट टायफून’ ह्या गटाविषयी माहिती प्रसिद्ध केली. गुआमसह अमेरिकेतील पायाभूत सेवांमध्ये शिरलेला हा गट चीनच्या शासनाशी संबद्ध असल्याचे त्यांचे म्हणणे आहे. चीनने ते नाकारले आहे. गटाची कार्यपद्धती मुख्यतः अंगभूत साधनांवर उभी होती. उदाहरणार्थ, वापरकर्त्यांच्या मध्यवर्ती निर्देशिकेची प्रत काढण्यासाठी त्याने ‘एनटीडीएसयुटिल’ वापरले. निर्देशिकेची देखभाल करणारे प्रणालीचेच ते साधन. ७ फेब्रुवारी २०२४ च्या निवेदनात सांगण्यात आले की, काही ठिकाणी ह्या गटाचा वावर किमान पाच वर्षे होता. पाच वर्षांच्या नोंदींवरून ‘नित्य व्यवहार’ ठरवावयाचा, आणि त्या पाच वर्षांत शत्रूच घरात वावरत असावयाचा, तर त्याची भाषाही प्रमाणभाषेत जमा होणार. जमविलेली संहिता शुद्ध आहे हे गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हा प्रश्न पाठचिकित्सेचा आहे. प्रक्षिप्त भाग पुरेसा जुना झाला की, तो प्रत्येक पोथीत मुळासारखाच दिसू लागतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीतून आपण एवढे तरी शिकलो आहोत की, पोथ्यांच्या केवळ बहुमताने पाठ ठरत नाही. वेगवेगळ्या परंपरांतील पोथ्यांची साक्ष जुळवून पाहावी लागते. येथेही तेच. संगणकाची नोंदवही ही एक परंपरा. जाळ्यावरील वाहतुकीची नोंद ही दुसरी. आणि अमुक दिवशी अमुक दुरुस्ती करावी असा कार्यालयीन आदेश व कामगारांची हजेरी ही तिसरी. मध्यवर्ती निर्देशिकेची प्रत काढल्याची नोंद आहे, परंतु तशी प्रत काढण्याचा आदेश कोणी दिलेला नाही, एवढ्या विसंगतीवरूनही शोधाला सुरुवात होऊ शकते. नॉटपेट्याप्रमाणे एक साक्ष पुसली गेली, तरी अन्य साक्षी उरतात, हा ह्या रीतीचा आणखी एक लाभ.

७. निष्कर्ष

लोलबास सूची टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. ती शब्दसंग्रह म्हणून उत्तम आणि प्रयोगकोश म्हणून अपुरी आहे. तिचा उपयोग संशयितांची यादी म्हणून करू लागलो, तर दोन अनर्थ संभवतात. व्यवस्थापकाचे प्रामाणिक काम रोज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहील. आणि ज्याच्या प्रत्येक शब्दाला अनुज्ञा आहे, असा हल्लेखोर वर्षानुवर्षे आत राहील.

पूरक नोंद कशी असावी, ह्याचा नमुना देऊन हे परीक्षण संपविणे योग्य. सर्टयुटिलच्या नोंदीत प्रथम मुख्य धर्म सांगावा : प्रमाणपत्रांची व्यवस्था. त्यानंतर साधित धर्म : जाळ्यावरून याद्या आणणे, अक्षररूप संकेत उलगडणे, आणि ते मुख्य धर्मातून का निघाले. मग आपल्या संस्थेतील प्रयोग : कोणती यंत्रे, कोणत्या अधिकाराचे लोक, कोणते पत्ते, कोणती वारंवारता. मग विपरीत प्रयोग, त्याच्या रूपनियमासह. मग सहचारी साधने : आणलेली वस्तू उलगडून लगेच कोणाकरवी चालविली गेली. शेवटी स्वतंत्र साक्ष : हा प्रयोग खरा की खोटा हे संगणकाबाहेरील कोणत्या कागदावरून ठरेल. अशा पाचपन्नास नोंदी एका संस्थेपुरत्या जरी कोणी पदव्युत्तर विद्यार्थ्याने सिद्ध केल्या, तरी भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र ह्या दोन्ही विभागांना उपयोगी पडेल असा प्रबंध त्यातून तयार होईल.

त्या विद्यार्थ्याने एक मर्यादा मात्र पाळावी. आज्ञावाक्यांच्या नोंदींत माणसांचे पासवर्ड, नावे आणि खाजगी कामेही उमटतात. ही संहिता अशा लोकांच्या बोलण्याची आहे, ज्यांना आपण बोलत आहोत ह्याची जाणीवही नसते. ती कोणी पाहावी, किती दिवस ठेवावी आणि तिच्यातून काय गाळावे, ह्याचे नियम संकलनास आरंभ करण्यापूर्वीच लेखी ठरले पाहिजेत, आणि ज्यांचे बोलणे जमवावयाचे त्यांना ते दाखविले पाहिजेत.